सात किलो, चाळीस लिटर: क्रॉफर्ड मार्केटच्या बिननावाच्या सॅकची झाडाझडती

क्रॉफर्ड मार्केटसमोरून अब्दुल रहमान स्ट्रीटकडे वळलं की बॅगांच्या दुकानांबाहेर एक सॅक हमखास टांगलेली दिसते. काळी नाहीतर राखाडी, चौकोनी, तीन बाजूंनी चेन असलेली आणि पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी. दुकानदार तिला ‘केबिन बॅग’ म्हणतो, चाळीस लिटरची सांगतो, भाव अठराशे-दोन हजारांपासून सुरू करतो आणि घासाघीस केली तर हजार-बाराशेच्या आसपास सोडतो. कंपनीचं नाव नसतं, किंवा असलं तर त्याच्या स्पेलिंगकडे फार निरखून पाहू नये. कमी पैशांत, कमी सामानात फिरणाऱ्यांसाठी ही सॅक घेण्याजोगी आहे का, तिच्यात नेमकं काय बघायचं आणि सात किलोंत काय काय मावतं, याचा हा हिशेब.

मत आधीच सांगून टाकतो. चेन आणि पट्ट्यांचे सांधे तपासून घेतली तर पैसे वसूल. लोंबत्या लेबलावर विसंबून घेतली तर पहिल्याच पावसाळ्यात डोक्याला ताप.

आता सात किलो का, ते. देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी 7 किलोंची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, जाडी मिळून 115 सेंटिमीटर. म्हणजे 55, 35 आणि 25. बहुतेक तिकिटांत 15 किलोंची चेक-इन बॅग असते हे खरं, पण त्यासाठी आधी रांग, मग उतरल्यावर सामानाच्या सरकत्या पट्ट्याशी ताटकळणं. रेल्वेत ही अडचण नाही. स्लीपरला माणशी 40 किलो, सेकंड क्लासला 35 किलो सामान फुकट नेता येतं. पण ते न्यायचं आपल्याच खांद्यावरून, आणि मुंबईकराचा प्रवास बोरिवली-डोंबिवलीच्या जिन्यापासून सुरू होतो, टर्मिनसपासून नाही. त्यामुळे विमानाने जायचं नसलं तरी सात किलो हा आकडा धरून चालावं. तेवढं वजन घेऊन माणूस दादरचा पूल न थांबता चढतो.

या सात किलोंत बॅगेचं स्वतःचंही वजन धरलेलं असतं, आणि इथेच चाकांची ट्रॉली मार खाते. केबिन मापाची कडक कवचाची ट्रॉली रिकामी असतानाच अडीच ते तीन किलो भरते. उरले जेमतेम चार. आपली बिननावाची सॅक एक ते सव्वा किलोची. ही तफावत म्हणजे सव्वा ते दोन किलो, म्हणजे जवळपास सगळे कपडे. शिवाय ट्रॉलीची चाकं गुळगुळीत फरशीवरच चालतात. फूटपाथचे उचकटलेले पेव्हर ब्लॉक, एसटी स्टँडचं खडीचं आवार, माथेरानला दस्तुरीपासून पुढची लाल माती, या सगळ्या ठिकाणी ती चाकं म्हणजे नुसतं जास्तीचं वजन. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर अर्थात ट्रॉलीच घ्या.

आता लिटरची गोष्ट. लेबलवर 40 लिहिलेलं असतं, पण ते मोजून लिहिलेलं असेलच असं नाही. खिशात शिंप्याची टेप ठेवा. या प्रकारच्या सॅकची आतली मापं बहुतेकदा 50, 32 आणि 22 सेंटिमीटरच्या आसपास येतात. गुणाकार करून हजाराने भागा: 35 लिटर. कोपरे गोल असले की अजून दोन-तीन लिटर कमी. हे वाईट नाही. उलट 35 लिटरच सात किलोंसाठी योग्य माप आहे, कारण 55, 35, 25 चा पूर्ण ठोकळा 48 लिटरचा होतो आणि एवढी जागा मिळाली की माणूस ती भरतोच. फक्त चाळीसचे पैसे मोजायचे नाहीत, एवढंच.

मापात फसते ती जाडी. लांबी-रुंदी शिलाईने बांधलेली असते, जाडी फुगते. पुढच्या कप्प्यात विंडचीटर, चार्जर आणि चिवड्याचं पाकीट कोंबलं की 22 चे 29 होतात आणि विमानतळावरच्या मापाच्या सांगाड्यात सॅक अडकते. म्हणून दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे हवेतच, तेही वर एक आणि खाली एक असे दोन-दोन. एकच पट्टा मधोमध असेल तर सॅक कमरेत आवळली जाते आणि वर-खाली फुगे येतात. बक्कल उघडून-मिटून बघा. ‘टक’ असा कोरडा आवाज यायला हवा. दाबल्यावर बाजूचे काटे पांढुरके पडले तर प्लास्टिक ठिसूळ आहे.

कापडाबद्दल दुकानात फक्त ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ऐकू येतो. विचारायचं ते डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. या सॅका बहुतेक 600 डेनियर पॉलिएस्टरच्या असतात. जाड, थोड्या जड, पण घासायला पक्क्या. 210 डेनियरचं नायलॉन हलकं असतं आणि त्यात चौकटीची वीण म्हणजे रिपस्टॉप असेल तर भोक पडलं तरी फाटत पुढे जात नाही. मात्र ते महाग सॅकेत मिळतं. लोकलच्या रॅकवर लोखंडी पट्ट्यांवरून ओढली जाणारी, एसटीच्या डिकीत स्टेपनीशेजारी फेकली जाणारी सॅक असेल तर 600 चं पॉलिएस्टर बरं. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

कापडाच्या आतल्या बाजूला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, पातळ लेप असतो. पाणी अडतं ते त्यामुळे. मुंबईच्या हवेत या लेपाला आयुष्य कमी. दमट हवेत पीयू हळूहळू विघटित होतं, आधी चिकट होतं, मग आंबूस वास येतो आणि शेवटी पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. नवीन सॅक घेतानाही हे तपासता येतं, कारण दुकानातला माल किती पावसाळे बघून बसलाय ते सांगता येत नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात हात घालून अस्तर दोन बोटांत चोळा. चिकटपणा जाणवला किंवा कापड कापडाला धरून बसलं असेल तर ती सॅक टांगली होती तिथेच राहू द्या. लेप सुटायला लागला की त्यावर उपाय नाही.

दुकानदार बाटलीच्या झाकणातून पाणी टाकून दाखवतो आणि थेंब मोत्यांसारखे ओघळतात. छान दिसतं. पण त्यातून बाहेरच्या कापडावर फवारा मारलाय एवढंच कळतं. पाणी आत जातं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून, कापडातून नाही.

चेन हाच या सॅकचा प्राण. तीन बाजूंनी उघडणाऱ्या सॅकेत चेन दीड मीटरच्या आसपास लांब असते आणि दोन वळणं घेते. सगळा ताण त्या वळणांवर. मुख्य चेन 8 नंबरची हवी. हा आकडा म्हणजे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली जवळपासची रुंदी. स्वस्त सॅकेत 5 नंबरची लावतात, ती पुढच्या खिशाला ठीक आहे, मुख्य कप्प्याला नाही. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन घ्या, धातूच्या किंवा सुट्या प्लास्टिक दातांची नको. वेटोळ्याची चेन मधेच फाकली तर रनर, म्हणजे चेन उघडणारी-मिटणारी सरकती चकती, मागे नेऊन परत पुढे आणला की बहुतेक वेळा पुन्हा जुळते. सुट्या दातांचा एक दात गेला की खेळ खलास.

तपासायची रीत अशी. दुकानात सॅकमध्ये रद्दी नाहीतर दुसऱ्या बॅगा भरायला सांगा. दुकानदार कुरकुरतो, भरतो. मग एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न देता, चेन वळणावरून फिरवा. अडखळली तर कापडाची पट्टी चेनच्या फार जवळ शिवली आहे, आणि ती पुढे रनरमध्ये अडकणार. पूर्ण मिटल्यावर वळणापाशी दोन्ही बाजू धरून ताणा. दातांमधून उजेड दिसला तर नको. रनरवर वायकेके हे नामांकित चेन-कंपनीचं नाव लिहिलेलं असणं ही अर्धीच खात्री, कारण रनर एका कंपनीचा आणि चेन दुसऱ्याची, हे सर्रास चालतं. चेनच्या दोन्ही टोकांना शिलाई आडवी मारलेली आहे का हेही बघा, नाहीतर रनर एक दिवस हातात येतो.

रनर दोन हवेत आणि दोघांच्या पाकळ्यांना भोकं हवीत, म्हणजे एकच छोटं कुलूप दोघांतून जातं. हे फॅशनसाठी नाही. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेलं सामान ठेवून घेत नाहीत. सकाळी मडगावला उतरायचं, रात्रीची परतीची गाडी, दिवसभर मोकळ्या हाताने फिरायचं, असा बेत असेल तर या भोकांवर सगळं अवलंबून. पुस्तकी सॅकेला हा फायदा मिळतो. वरून दोरीने आवळायच्या ट्रेकिंगच्या सॅकेला मिळत नाही, तिथे काउंटरवर वाद घालत बसावं लागतं.

पट्ट्यांकडे या. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे वर जोडलेला असतो, तिथे बिननावाची सॅक सर्वात आधी तुटते. कारण साधं आहे: सात किलोंची सॅक एका खांद्यावर झटक्यात टाकली की क्षणभर त्या सांध्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढ येते, आणि सांधा म्हणजे बहुधा दोन कापडांच्या मधे खुपसलेला पट्टा आणि वरून एक सरळ शिलाई. आतून हात घालून चाचपा. चौकोनात फुली मारलेली शिलाई असेल तर उत्तम. नुसती एक रेघ असेल तर सॅक नाकारायचं कारण नाही, पण घेतल्या घेतल्या, नवी असतानाच, मोच्याकडून किंवा बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून निवारीचा चार बोटं तुकडा आतून लावून चौकोन-फुली शिवून घ्या. दोरा नायलॉनचा सांगा. सुती दोरा घामाने आणि पावसाने कुजतो. टाके अगदी दाट नकोत, दाट टाक्यांनी कापडाला तिकिटासारखी छिद्रं पडतात आणि ते तिथूनच फाटतं.

पट्ट्यातला फोम अंगठा आणि तर्जनीत दाबून बघा. बोटं एकमेकांना जाणवली तर महिनाभरात त्याचा चोथा होणार. दाबून सोडल्यावर खड्डा लगेच भरला पाहिजे. कमरेच्या पट्ट्याबद्दल मात्र आमचं मत जरा वेगळं आहे: सात किलोंपर्यंत त्याची गरज नाही. जाड फोमचा कमरपट्टा दोन-तीनशे ग्रॅम खातो, विमानतळाच्या मापात जाडी वाढवतो आणि लोकलच्या दारात कुणाच्या तरी पिशवीत अडकतो. छातीवरचा पट्टा असावा. तो नसेल तर दोन निवारी आणि एक बक्कल लावून घेता येतो.

मागच्या बाजूला जाळीचा गादीदार भाग असतो आणि त्यामागे लॅपटॉपचा कप्पा. त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन बोटं वर संपतो का ते बघा. नसेल संपत तर सॅक जमिनीवर ठेवताना लॅपटॉप थेट फरशीवर आदळतो. या भावातल्या बहुतेक सॅका इथे नापास होतात. लॅपटॉप नेणार असाल तर तळाशी पंचा घडी करून ठेवा.

लोकलमध्ये ही सॅक कशी वागते? बरी. 22 सेंटिमीटर जाडीची सॅक पुढे घेऊन उभं राहता येतं आणि वरच्या रॅकवर आडवी बसते. बाटलीच्या बाजूच्या जाळीत बाटली ठेवून संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढू नका; जाळीचं इलॅस्टिक ढिलं असतं, बाटली तरी पडते किंवा शेजाऱ्याच्या बरगडीत तरी जाते. दोन्ही प्रसंगी ऐकून घ्यावं लागतं. वरचा आणि बाजूचा असे दोन हात धरायचे पट्टे हवेत. रॅकवरून गर्दीत ओढून काढताना बाजूचा पट्टाच कामी येतो. रात्रीच्या स्लीपरमध्ये बर्थखालच्या कड्यातून साखळी ओवून ती या पट्ट्यातूनच घ्यायची असते, म्हणून तोही चौकोन-फुली शिलाईचा असावा.

पावसाळ्यासाठी सोबत रेनकव्हर देतात, तळाच्या चेनच्या खिशात. ते पाठीकडून उघडंच असतं, आणि आपल्या पाठीवरून वाहणारं पाणी सॅकच्या मागच्या फोममध्ये मुरतं. शिवाय कव्हरच्या तळाला पाणी जायला छिद्र नसेल तर तिथे तांब्याभर पाणी साठतं आणि सॅक खालून भिजत राहते. छिद्र नसेल तर चांभाराकडून एक रिंग ठोकून घ्या. पण खरा भरवसा आतल्या पिशवीवर ठेवा: कचऱ्याच्या डब्यासाठी मिळते तशी जाड, मोठी काळी पिशवी सॅकेत आधी घालायची, कपडे त्यात, तोंड पिळून खाली दुमडायचं. वजन पन्नास ग्रॅम, खर्च किरकोळ. जून ते सप्टेंबर कोकणात जाणाऱ्याने रेनकव्हर विसरलं तरी चालेल, ही पिशवी नाही.

आता भरायचं काय. आकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतः ताडून बघा, कारण कपड्यांची वजनं मापानुसार बदलतात. पण साधारण अंदाज असा. सॅक 1,100 ग्रॅम. अंगावरचे कपडे सोडून दोन टीशर्ट किंवा कुर्ते 320, एक पातळ फुलपँट 300, एक हाफपँट 180, आतले कपडे तीन जोड 400, मोजे दोन जोड 80, विंडचीटर 300, पंचा 130. रबरी चपला 350. साबण, ब्रश, तेल वगैरेंची थैली 450, औषधं 150. चार्जर, वायर, पॉवरबँक मिळून 350. पातळ सुती चादर 350. रिकामी प्लास्टिक बाटली 150. दोरी, पिना, कुलूप, पिशव्या 200. खाऊ 500. बेरीज 5,310 ग्रॅम. पावणेदोन किलोंच्या आसपास हात राखून राहिले, ते येताना काजूगर किंवा कोकमाला लागतात.

या यादीत जीन्स नाही हे लक्षात आलं असेल. एक जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि भिजली तर दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. घालायचीच तर अंगावर घाला. टर्किश टॉवेलही नाही: तो साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा, ओला झाला की त्याहून जड, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास. पंचा सव्वाशे ग्रॅमचा, पंख्याखाली तासा-दोन तासांत कोरडा. दादरला पश्चिमेच्या बाजारात तो आजही सहज मिळतो. ट्रेकिंगच्या दुकानातला मायक्रोफायबर टॉवेल त्याच्या कितीतरी पट किमतीला येतो आणि अंग पुसताना चिकटतो. आम्ही तरी त्याची शिफारस करत नाही. ओढणी वापरणाऱ्यांनी मोठी सुती ओढणी न्यावी: चादर, उन्हाची टोपी, डॉर्मिटरीतल्या खालच्या बर्थचा पडदा आणि देवळात डोक्यावर, एवढी कामं ती एकटी करते.

तीन जोड कपड्यांत आठवडा काढायचा तर रोज रात्री धुणं आलं. पूर्ण सुती टीशर्ट पावसाळ्यात रात्रीत वाळत नाही. पूर्ण पॉलिएस्टरचा वाळतो, पण दुपारपर्यंत घामाचा वास धरतो. मधला मार्ग म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड. धुतलेला कपडा हाताने पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हीची एकत्र गुंडाळी करायची आणि गुंडाळीवर गुडघा देऊन दाबायचं. उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो आणि वाळायचा वेळ खूपच कमी होतो. तीन मीटर नायलॉनची दोरी पंख्याखाली, खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत. चिमटे नकोत, दोरी दुहेरी पिळून घेतली की कपड्याचा कोपरा पिळातच अडकतो.

पॅकिंग क्यूब म्हणून चेनवाल्या छोट्या थैल्यांचा संच आता क्रॉफर्ड मार्केटातही मिळतो. त्याने सामान नीट राहतं, आकारही थोडा आवळतो, वजन मात्र रेसभरही कमी होत नाही. उलट संचाचं स्वतःचं दोन-तीनशे ग्रॅम वाढतं. भाजीच्या जाळीच्या दोन पिशव्या तेच काम करतात.

पुस्तकी सॅकेचा एक जन्मजात दोष आहे. आडवी ठेवून भरलेली सॅक पाठीवर उभी राहते आणि सैल सामान तळाशी घसरतं. मग तळ पोटासारखा सुटतो आणि सॅक मागे ओढते. म्हणून आतले फुलीचे पट्टे आवळणं भाग आहे. जड वस्तू, म्हणजे चार्जरची थैली, खाऊ, साबणाची थैली, पाठीला लागून मधल्या उंचीवर. गुंडाळलेले कपडे तळाला आणि बाहेरच्या बाजूला घट्ट, म्हणजे जड वस्तूंना घसरायला वाट उरत नाही. चपला तळवे बाहेर करून वर्तमानपत्रात, चेनच्या कडेला. विंडचीटर सगळ्यात वर.

विमानाने जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पॉवरबँक केबिन बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि तिच्यावर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते त्याचा आकडा, छापलेले असावेत. 100 वॅट-अवरपर्यंत अडचण नसते; 10,000 एमएएच म्हणजे 37 आणि 20,000 म्हणजे 74 वॅट-अवर. छापील अक्षरं पुसली गेलेली स्वस्त पॉवरबँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात द्रव पदार्थ 100 मिलिलिटरच्या बाटल्यांतच, आणि सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली 200 ची बाटलीही चालत नाही. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात त्यांना बंदी आहे. हे बहुतेकांना काउंटरवरच कळतं.

पर्याय काय आहेत? मॉलमधल्या खेळाच्या सामानाच्या साखळी दुकानांत याच मापाची सॅक दोन-तीन हजारांच्या पुढे मिळते. शिलाई एकसारखी, चेन चांगली, वॉरंटी कागदावर, आणि परत करता येते. वर्षातून चार-पाच वेळा निघणाऱ्याने तिकडेच जावं. फरकाचे पैसे चेनमध्येच वसूल होतात. वर्षातून एकदा गणपतीला आणि एकदा उन्हाळ्यात निघणाऱ्याला बिननावाची पुरते. धारावीतल्या बॅग शिवणाऱ्या कारखान्यांतून मापाने शिवून घेणं हा तिसरा मार्ग. चेन आणि निवार आपण पसंत करायची, तीही समोर ताणून बघून. एकट्या सॅकसाठी मात्र सगळेच तयार होत नाहीत. मित्रमंडळीत चार-पाच जणांची एकत्र ऑर्डर द्यावी.

बाजारात जायचं तर सीएसएमटीला उतरून चालत दहा मिनिटं. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दुकानं उघडलेली आणि गर्दी कमी असते. रविवारी बरीचशी बंद. सोबत टेप, छोटं कुलूप आणि हुकचा वजनकाटा न्या; तो काटा जवळच लोहार चाळीतही मिळेल. टांगलेली सॅक घेऊ नका, उन्हाने त्या बाजूचा रंग आणि धागा दोन्ही कमजोर झालेले असतात. आतला पॅक माल मागा आणि तोच तपासा, कारण दाखवलेली एक आणि दिलेली दुसरी हे फसवणूक म्हणून नाही तर सवयीनेही होतं. बिल मागितलं तर भाव थोडा चढतो आणि बिल असलं तरी परतीची हमी नसते. सगळी तपासणी दुकानातच उरका.

घरी आणल्यावर ती माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका. अस्तराचा चिकटा तिथेच सुरू होतो. कपाटाच्या बाहेर, चेन उघड्या ठेवून, वर्तमानपत्राचे बोळे भरून टांगा आणि पावसाळ्यात बोळे बदला. बुरशी आलीच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, लेप सुटतो. चेन जड चालायला लागली की तेल नको, धूळ धरतं; मेणबत्ती दातांवरून फिरवा. चेन मिटूनही मागे फाकत असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनरचं तोंड रुंदावलेलं असतं. पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू आळीपाळीने अगदी हलक्या दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर स्टेशनबाहेर बसणारा बॅगवाला रनर बदलून देतो; 8 नंबरच्या चेनला 8 चाच रनर बसवतोय ना, ते समोर उभं राहून बघा, आणि जुना रनर काढण्यासाठी उसवलेलं चेनचं टोक परत आडवं शिवून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.